ड जीवनसत्त्व आणि आपले ऊन

(तालुक्यातील शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामस्थ यांच्या आरोग्य मेळाव्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात ड जीवनसत्त्वावर बोलावे असे सुचविण्यात आले, तेव्हा आमच्याच केंद्रातील एका सहकाऱ्याने हसून विचारले, "गोव्यात उन्हाचा तुटवडा केव्हापासून झाला?" प्रश्न रास्त आहे. हे जीवनसत्त्व उन्हाने मिळते हे आता शाळेतली मुलेही जाणतात, आणि ऊन तर आपल्या दारी मुबलक पडते. मग त्याची उणीव आपल्याकडे यावी कशी? या शंकेचे उत्तर देण्याआधी केंद्रात घडलेली एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या नातीला घेऊन आल्या. मुलगी अडीच वर्षांची. उशिरा चालू लागली आणि चालू लागल्यावर तिचे पाय गुडघ्यांपाशी धनुष्यासारखे बाहेर वाकू लागले. मनगटे जाड झालेली, पोट पुढे आलेले, दात उशिरा आलेले. मुडदुसाची लक्षणे स्पष्ट होती, आणि पुढे क्ष-किरण चित्राने व रक्त तपासणीने तीच गोष्ट सिद्ध झाली. निदान ऐकून आजी दुखावल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, जन्मल्यापासून हिला मी तेल लावून रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात घेऊन बसते. एक दिवस चुकविला नाही. मग माझे कुठे चुकले?"

त्या माउलीच्या मायेत कसूर नव्हती. चूक होती ती वेळेची, आणि ही चूक त्यांची एकट्यांची नाही. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व असते असे आपण सर्वजण सांगत आलो आहोत. आम्ही वैद्यकीय लोकही त्याला अपवाद नाही.

प्रथम हे जीवनसत्त्व करते काय ते पाहू. आपण जे दूध, नाचणी, मासळी खातो त्यांतील कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरावे लागते. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी फारच थोडा भाग अंगी लागतो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. मग शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकविण्यासाठी हाडांतून ते उसने घेते. वाढत्या मुलाची हाडे अशा वेळी मऊ राहतात आणि अंगाच्या भाराने वाकतात. हाच मुडदूस. मोठ्या माणसात हाडे वाकत नाहीत, पण मऊ पडतात, दुखतात. तिला अस्थिमृदुता म्हणतात. मुडदूस हा शब्द आपल्याकडे कोणत्याही रोडावलेल्या मुलाला लावला जातो. तसे नव्हे. गुटगुटीत दिसणाऱ्या मुलालाही मुडदूस होऊ शकतो, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

हे जीवनसत्त्व आपली कातडी स्वतः तयार करते. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी एका विशिष्ट पट्ट्यातील किरण त्यावर पडले म्हणजे त्याचे रूपांतर होऊ लागते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याच्यावर संस्कार होतात, तेव्हा ते कामास येते. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या रोग्याला उन्हात बसूनही पुरेसा लाभ होत नाही, याचे कारण हेच.

या ज्ञानामागे मोठा इतिहास आहे. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने मुडदुसावर ग्रंथ लिहिला, तरी पुढे अडीचशेहून अधिक वर्षे त्याचे कारण कोणास नक्की कळले नाही. कारखान्यांच्या धुराने झाकोळलेल्या युरोपच्या शहरांत घरोघर वाकड्या पायांची मुले दिसत. कोणी म्हणे आहार निकृष्ट, कोणी म्हणे हवा वाईट. १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरने, जपानमध्ये काही वर्षे काढल्यावर, निरनिराळ्या देशांतून माहिती मागवून असा निष्कर्ष काढला की जेथे ऊन भरपूर तेथे मुडदूस नाही, आणि मुलांना सूर्यस्नान घालावे असे सुचविले. त्याच्याकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात ठेवून बरे केले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत कॉड माशाच्या तेलाने हा रोग टळतो असे दाखविले. म्हणजे प्रकाशानेही बरा होतो आणि तेलानेही! त्या तेलातील हा गुण अ जीवनसत्त्वाचा नसून वेगळ्याच द्रव्याचा आहे, हे १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी सिद्ध केले. अ, ब, क ही नावे आधीच दिली गेली होती, म्हणून या चौथ्याला ड हे नाव मिळाले.

पण आपल्या दृष्टीने मोलाचे काम त्याच १९२२ साली आपल्याच मुंबई इलाख्यासंबंधी प्रसिद्ध झाले. हचिसन आणि शहा या दोघांनी येथील मुडदुसाचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे की ज्या सुस्थित घराण्यांत स्त्रिया आणि तान्ही मुले घराच्या आत राहत, तेथे खाणेपिणे चांगले असूनही हा रोग होता. उलट शेतात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत, अन्न निकृष्ट असूनही, तो क्वचित. पामचे म्हणणे अर्धेच खरे ठरले. देशात ऊन असून भागत नाही, ते अंगावर पडावे लागते.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. सकाळी सातचे ऊन अंगावर पडत होते, मग जीवनसत्त्व का झाले नाही? सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण तिरपे येतात आणि त्यांना हवेच्या फार मोठ्या थरातून वाट काढावी लागते. त्या वाटेत ओझोन वायू नेमके आपल्याला हवे ते किरण शोषून घेतो. ऊब पोचते, उजेड पोचतो, पण औषध वाटेतच गळते. सूर्य वर चढेल तसतसे हे किरण जमिनीवर पोचू लागतात. कोवळे ऊन वाईट आहे असे मी म्हणत नाही. बाळाला तेल चोळण्यास ते सुखाचे आहे. फक्त त्याच्याकडून ड जीवनसत्त्वाची अपेक्षा ठेवू नये.

वेळ ओळखायला घड्याळाचीही गरज नाही. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल तर हे जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही, आखूड असेल तर होते. शिक्षक बंधूंनी हा प्रयोग शाळेच्या अंगणात अवश्य करून पाहावा. एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ रोवावी आणि दर अर्ध्या तासाने सावली मोजावी. भूगोल, गणित आणि आरोग्य असे तिन्ही तास एकाच काठीवर होतात. डिसेंबरच्या अखेरीस गोव्यात किंवा बेळगावात भर दुपारी ही सावली सुमारे ८० सेंटिमीटर भरेल. इंदूरला त्याच दिवशी ती काठीहून किंचित लांब, आणि ग्वाल्हेरला मीटरहून सुमारे सतरा सेंटिमीटर अधिक. त्यामुळे उत्तरेकडील आपल्या मराठी बांधवांना थंडीचे दिवस अधिक अडचणीचे. आपल्याकडे डिसेंबरात अकरा ते दोन ही वेळ उपयोगाची, तर मे महिन्यात सकाळी साडेनऊपासूनच सावली काठीहून आखूड होते. मेच्या आरंभी तर सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली पायातळी लपते. उन्हाळ्यात म्हणूनच दुपारी भाजून घेण्याचे कारण नाही. दहा वाजता थोडे बाहेर पडले तरी काम होते आणि ऊन लागण्याचा धोका टळतो.

किती वेळ, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एकच आकडा सर्वांना लागू नाही. कातडीचा रंग सावळा असेल तर गोऱ्यापेक्षा अधिक वेळ लागतो, कारण तो रंग हीच निसर्गाने दिलेली छत्री आहे. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ होते, तिची ही शक्ती तरुणपणाच्या मानाने बरीच घटते. किती अंग उघडे आहे यावर तर सारे अवलंबून. शेतात उघड्या अंगाने काम करणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही. पुण्यातील संशोधकांनी शहरी पुरुषांची पाहणी केली तेव्हा, नेहमीच्या कपड्यांत वावरताना दुपारच्या वेळचे तासाभराहून अधिक ऊन रोज मिळाल्यास पातळी ठीक राहते, असे त्यांना दिसले. हात, पाय, पाठ अधिक उघडी ठेवल्यास याहून कमी वेळ पुरतो. कातडी लाल होईपर्यंत वा जळजळेपर्यंत बसण्यात मात्र काहीच लाभ नाही, कारण एका मर्यादेनंतर ऊन स्वतःच तयार झालेला जादा माल मोडून टाकते. उन्हाने अंगावर चट्टे उठणारे रोगी, कोड असलेले, तसेच काही विशिष्ट औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नये.

खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी. काच हे किरण अडविते. बंद गाडीतून, बंद कचेरीत आणि बंद वर्गात दिवस काढणाऱ्या आपणा सर्वांना हे लागू आहे. हवेतील धूळ आणि धूरही हेच करतात. २००२ साली दिल्लीतील लहान मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रदूषित वस्तीतील मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व मिलिलिटरमागे सरासरी १२ नॅनोग्रॅम होते, तर जवळच्याच स्वच्छ हवेच्या भागातील मुलांत २७. ऊन एकाच सूर्याचे, पण निम्मेही हाती आले नाही. खाणींच्या वा वाहतुकीच्या रस्त्यांलगत राहणाऱ्यांनी यावरून काय तो बोध घ्यावा.

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत शेकडा १४, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत शेकडा १८ आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत शेकडा २४ जणांना ही उणीव आढळली. म्हणजे वय वाढेल तशी उणीव वाढते. मूल जसजसे शाळेत आणि अभ्यासात गुंतते तसतसे अंगण त्याच्यापासून दूर जाते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनास लागते. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" हे वाक्य मुलीच्या कानावर किती वेळा पडते! हाडे बळकट होण्याची हीच वर्षे असतात आणि याच वर्षांत आपण तिला सावलीत बसवितो. पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात, खाली बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, अशी तक्रार घेऊन पंधरा-सोळा वर्षांच्या मुली केंद्रात येतात. घरी त्यांना आळशी म्हटलेले असते. वेशभूषा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही. पण परसात, गच्चीवर, चार बायकांच्या सोबतीने, भाजी निवडताना वा वाळवण राखताना, हात-पाय उघडे ठेवून दुपारच्या आधी बसता येतेच. पूर्वी पापड, सांडगे घालण्याच्या निमित्ताने हे आपोआप घडत होते.

आपल्या शाळा बहुतेक सकाळच्या आहेत. हिवाळ्यात मधली सुट्टी होते तेव्हा सूर्य पुरेसा वर आलेला नसतो. कवायतीचा किंवा खेळाचा तास सकाळी पहिला न ठेवता अखेरीस ठेवता येईल का, याचा मुख्याध्यापकांनी विचार करावा. वेळापत्रकात एवढा फेरफार करण्यास खर्च काही लागत नाही.

पावसाळ्यात मात्र आपली खरी पंचाईत होते. जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. रक्तातील या जीवनसत्त्वाचा साठा, नवी भर न पडल्यास, दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येऊ लागतो. चरबीत काही अंश शिल्लक राहतो, पण तो चार महिने पुरेलच असे नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये पातळी चांगली असणे महत्त्वाचे, आणि पावसात मध्येच ऊन पडले तर मुलांना बाहेर सोडावे. चिखलाचे कपडे धुता येतात.

अन्नातून हे जीवनसत्त्व थोडे मिळते, फार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची गरज ६०० आंतरराष्ट्रीय एकके, बोलीत ज्यांना आपण युनिट म्हणतो, अशी ठरविली आहे. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० युनिटे असतात. हिशेब केला तर रोज पंधरा अंडी खावी लागतील! बांगडा, तारले यांसारखी तेलकट मासळी या बाबतीत चांगली. गोवेकरांना हे सांगायला नको, पण मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे नेमकी ढगाळ दिवसांत येते. शाकाहारी माणसाला निसर्गतः फारसे काहीच मिळत नाही. यास्तव दूध व खाद्यतेलात अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके २०१८ साली लागू झाली. अशा पिशवीवर अधिकच्या खुणेसह इंग्रजी एफ हे अक्षर निळ्या रंगात छापलेले असते. या दुधाच्या लिटरमध्ये २०० ते ३०० युनिटे असतात. ती पिशवी घेणे चांगले, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

आणि कॅल्शियम विसरू नये. उन्हात हुंदडणाऱ्या मुलालाही, आहारात कॅल्शियम नसेल तर, मुडदूस होतो. आमच्या त्या मुलीचे जेवण म्हणजे भाताची पेज आणि बिस्किटे. नाचणीचे सत्त्व, आंबील, भाकरी हे आपल्या आज्यांचे अन्न मागे पडले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदी नगण्य.

तान्ह्या बाळाविषयी वेगळे सांगितले पाहिजे. आईचे दूध हे सर्वोत्तम अन्न, यात शंका नाही. परंतु ड जीवनसत्त्व त्यात अत्यल्प असते. आईच्याच अंगी ते नसेल तर बाळ जन्मतःच रित्या हाताने येते. त्यातून बाळंतिणीची खोली अंधारी ठेवण्याची आपली रीत. म्हणून पहिले वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटांचे थेंब द्यावेत असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. येथे सेविकांनी एक खबरदारी घ्यावी. बाजारात काही थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिटे असतात, काहींमध्ये ८००. बाटली बदलली की मात्रा बदलते. वेष्टन वाचल्याशिवाय आईला "एवढे दे" असे सांगू नये. टाळू वेळेवर न भरणे, बसण्या-चालण्यास उशीर, मनगटे रुंद होणे, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागणे, तान्ह्या बाळाला झटके येणे, यांपैकी काहीही दिसल्यास मूल केंद्रात आणावे. झटके आल्यास तर तत्काळ. दोन वर्षांच्या आतील मुलाचे पाय थोडे बाकदार असणे स्वाभाविक असते, तेवढ्याने घाबरू नये. दोन वर्षांनंतरही बाक राहिला किंवा वाढत गेला, तर मात्र थांबू नये.

आता दुसऱ्या टोकाविषयी. ड जीवनसत्त्वाची अलीकडे एक लाटच आली आहे. थकवा आला, रक्त तपासा. केस गळले, इंजेक्शन घ्या. प्रयोगशाळेच्या कागदावर ३० हून कमी आकडा दिसला की माणूस स्वतःला रोगी समजू लागतो. वास्तविक २० नॅनोग्रॅम पातळी बहुतेकांना पुरेशी असते, आणि निरोगी प्रौढांनी उगीच ही तपासणी करू नये असे अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ साली सांगितले आहे. या जीवनसत्त्वाने कर्करोग किंवा हृदयविकार टळेल का हे पाहण्यासाठी अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांना काही वर्षे रोज २००० युनिटे किंवा नुसती नकली गोळी देण्यात आली. कर्करोग वा हृदयविकार होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटांची मोठी मात्रा दिली, तर त्यांचे पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढले. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

उन्हाने या जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, औषधाने होते. आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ भ्रमिष्टासारखे बोलतात म्हणून आणले गेले. उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान. चौकशी करता कळले की गुडघे दुखतात म्हणून त्यांनी कोठेतरी सहा लाख युनिटांची इंजेक्शने एकामागून एक, दर आठवड्याला, घेतली होती. रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पलीकडे गेले होते आणि मूत्रपिंडांवर ताण पडला होता. त्यांना बरे होण्यास कित्येक आठवडे लागले. साठ हजार युनिटांची गोळी आठवड्यातून एक याप्रमाणे ठराविक आठवडे दिली जाते. ती रोज घेतल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. चिठ्ठीवरचे "आठवड्यातून एकदा" हे शब्द रुग्णाला दोनदा वाचून दाखवावेत, अशी औषध दुकानदारांना माझी विनंती आहे.

त्या मुलीला आम्ही रोज अल्प मात्रेत जीवनसत्त्व आणि जोडीला कॅल्शियम दिले. पेजेत नाचणी आली. आजी तिला आता अकराच्या सुमारास झबले काढून अंगणात खेळवू लागल्या. शेजारणी नावे ठेवीत, तरी त्यांनी सोडले नाही. दीड वर्षाने पाय बहुतांशी सरळ झाले. लहानपणी उपचार झाला तर हाड स्वतःला सावरते. हेच पाच-सात वर्षांनी आले असते तर कदाचित शस्त्रक्रियेवाचून इलाज राहिला नसता.

मी बराच वेळ घेतला. आता पावणेबारा झाले आहेत. मुख्याध्यापकांनी सकाळीच माझ्या सांगण्यावरून अंगणात एक मीटरची काठी रोवून ठेवली आहे आणि सातवीच्या दोन मुली नऊ वाजल्यापासून सावलीची नोंद करीत आहेत. आपले प्रश्न आपण तेथेच घेऊ. चला, बाहेर जाऊ या.